ससा कोणी कापला

मी, चित्रांच्या चौकटी करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने, चष्मा लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीशी अर्धा तास गप्पा माराव्यात, म्हणजे डोके ठिकाणावर नसणे कशाला म्हणतात ते कळेल. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला दोघे-तिघे येऊन गेले, त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावले.

वकिलांनी मला छापील नमुना दिला होता. तो मी वाचला आणि चौकटीच्या कोपऱ्याखाली पाचर म्हणून वापरला. "काकू, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत हो," असे ते आतापर्यंत तीनदा म्हणाले आहेत. मी म्हटले, "तुम्ही मराल तेव्हा तुमचं तुमच्या पद्धतीनं लिहा." लोकांची नावे आणि पत्ते त्यांनी जोडपत्रात घेतले आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारत आले तसेच लिहिणार.

हे मृत्युपत्र खरे तर एका चित्रासाठी आहे. चित्र कोणाला द्यायचे आणि ते कोणी कापले, हे दोन्ही मला मरण्याआधी लिहून ठेवायचे आहे. पण आधी बाकीचा पसारा उरकते.

कलम १. दुकान, मागच्या दोन खोल्या आणि सगळी हत्यारे काचवालीला द्यावीत. सव्वीस वर्षे ती मला काच कापून देते आहे. एवढ्या वर्षांत तिने माझ्या एकाही चौकटीला छान म्हटलेले नाही. कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तर ती बोट ठेवून दाखवते आणि निघून जाते. या गल्लीत तोंडावर खरे बोलणारे माणूस एवढे एकच. अट एकच आहे, या जागेत कॉफीचे दुकान निघता कामा नये. अट कोणासाठी आहे ते माझ्या पुतण्याला बरोबर कळेल.

कलम २. माझे थोरले बंधू यांना त्यांची पदवी द्यावी. त्यांनीच ती चौकटीत बसवायला आणून दिली होती. "घाई नाही, पण लाकूड चांगलं लाव," म्हणाले होते. लावले. एकेचाळीस वर्षे ती कपाटामागे तयार उभी आहे, साहेबांना न्यायला सवड झालेली नाही. वडील आजारी होते तेव्हाही झाली नव्हती. वडील गेल्यावर मात्र साहेब दुसऱ्या दिवशी हजर, आणि मला म्हणतात, "बाईमाणसाला दुकान झेपायचं नाही, विकून टाकू." मी तेव्हा गोंद ढवळत होते, ढवळत राहिले. दुकान झेपले. पदवीवरची काच अजून स्वच्छ आहे, तीही त्यांनी ठेवून घ्यावी.

कलम ३. धाकटीला पुढच्या खोलीतला आरसा द्यावा. तिला चित्र पाहिजे होते. का, तर तिचा नवा सोफा हिरवा आहे आणि चित्रात झाडे आहेत. "ताई, किती मॅच होईल गं!" दोनशे वर्षांपूर्वी कोणा माणसाने तांब्याच्या पत्र्यावर डोळे फोडून रेघा कोरल्या, कागदावर त्यांचा ठसा घेतला, तो हिच्या सोफ्यासाठी. शिवाय चित्र काळेपांढरे आहे, हे लहानपणापासून बघूनही बाईसाहेबांच्या लक्षात आलेले नाही. आरशात मात्र तिचे सगळे लक्ष असते, तेव्हा आरसा तिच्याकडेच शोभेल.

कलम ४. बँकेत जे आहे ते माझ्या आजारपणाला आणि मला पोचवायला पुरेल. उरले तर दवाखान्यातल्या बाकांवर गाद्या करून घालाव्यात. चार महिने मी त्या बाकांवर बसते आहे, आणि ते कोणी केले त्या सुताराबद्दल माझे मत इथे लिहिले तर वकील चौथ्यांदा तक्रार करतील.

कलम ५. पुतण्याला काहीही देऊ नये. हे विसरून राहिलेले नाही, विचार करून लिहिले आहे. गेल्या हिवाळ्यात तो एका जाणकाराला घेऊन आला. जाणकार म्हणजे गळ्यात मफलर आणि खिशात भिंग. त्याने माझ्या भिंतीवरचे चित्र माझ्याकडे न बघता उतरवले, भिंग लावले, आणि खालच्या कडेशी येऊन थांबला. "अरेरे," म्हणाला, "खालून कापलंय. चित्रकाराची सही गेली. आता याला कोण विचारतो." पुतण्याचे तोंड जे पडले ते बघायला मी दुसऱ्यांदा तिकीट काढले असते. जाता जाता तो म्हणाला, "आत्या, कोणत्या गाढवानं कापलं हो?" मी म्हटले, "होता एक कारागीर."

म्हणजे वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीही मी तेच बोलले. आता पुढचे कलम लांब आहे. वकिलांनी पाणी पिऊन घ्यावे.

कलम ६. चित्राविषयी.

चित्र वडिलांनी एका बंद पडलेल्या शाळेच्या सामानातून उचलले होते. घनदाट जंगल आहे. झाडे अशी पिळवटलेली की कोणी ओला कपडा पिळावा. वर ढग, ढगातून वीज, मागे पडका बुरूज. त्या काळातल्या चित्रकारांना जंगलात बुरूज लागायचाच. पुढे तळे, आणि तळ्याभोवती जनावरे. एक वाघ, एक वाघीण, दोन हरणे, रानडुक्कर, अस्वल, लांडगा, फांदीवर घुबड. चित्रकाराने घुबड आणि डुक्कर नक्की बघितले असणार. वाघ त्याने जन्मात बघितला नव्हता. वाघाचे तोंड पोट बिघडलेल्या हेडमास्तरासारखे आहे. आणि वाघ, लांडगा, हरणे सगळी एकाच पाण्यावर शेजारी शेजारी उभी, कोणी कोणाला खात नाही. ज्याच्या घरात चार भावंडे एका टेबलावर जेवली असतील त्याने असले चित्र काढले नसते. तरी वडिलांचा त्यावर जीव होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणायचे, "मोजा किती जनावरं आहेत." लोक आठ म्हणायचे. मग वडील चित्राभोवतीच्या जुन्या पुठ्ठ्याची खालची कड उचलून कोपऱ्यातल्या गवतावर बोट ठेवायचे. तिथे ससा होता. फक्त कान आणि एक डोळा. सशाच्या खाली चित्रकाराची सही आणि साल.

तेव्हा दुकानात एकच कारागीर होता. त्याला सगळे डावरा म्हणायचे, मी दादा म्हणायची. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. डाव्या हातात सुरी धरून तो अशी रेघ कापायचा की कागदाला कळायचेही नाही. मला सुरी धरायला त्यानेच शिकवली. माझा हात उजवा, त्याचा डावा, म्हणून तो समोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "आरशात बघतेस असं समज, ताई."

मी चोवीस वर्षांची होते. वडील म्हणाले, जंगलाच्या चित्राला चौकट तू कर. दुकानाच्या दर्शनी भिंतीसाठी. ही माझी पहिली मोठी चौकट. कोरीव काम केले, सोन्याचा वर्ख चढवला, दीड महिना मान वर केली नाही. आमच्या दुकानात एकच शिस्त होती, आधी जुन्या पुठ्ठ्यातून कागद सोडवायचा, पूर्ण उघडा करून मोजायचा, मग लाकडाला हात लावायचा. मी कागद सोडवला नाही. जुन्या पुठ्ठ्याच्या खिडकीतून जेवढे दिसत होते तेवढे मोजले. शिकाऊ माणूसही ही चूक पहिल्या आठवड्यानंतर करत नाही. चौकट तयार झाली, कागद सोडवला, आणि खालून दोन बोटे कागद जास्त निघाला. ससा आणि सही त्याच दोन बोटांत.

त्या दिवशी दुपारी दुकानात मी एकटी होते. वडील लाकूड बघायला वखारीत गेले होते, दादा जेवायला गेला होता. चौकट मोडून पुन्हा करायला हवी होती. पण तिच्यावरचा वर्ख काय सुंदर बसला होता! मी पोलादी पट्टी ठेवली आणि कागद कापला. जंगल माझ्या चौकटीला बेतले. चित्र बसले, फार छान बसले. कापलेली पट्टी मी मापांच्या वहीत घातली.

संध्याकाळी वडिलांनी चौकट बघितली, शाबास म्हणाले, आणि मग सवयीने कोपऱ्यात बोट नेले. "ससा कुठाय?"

कापायचे काम दादाचे, म्हणून विचारणा त्याच्याकडे झाली. तो म्हणाला, मी नाही कापलं. वडील म्हणाले, "सही विकायला कापलीस. सहीचे पैसे येतात हे तुला माहीत होतं." त्याची पिशवी उलटी केली. डबा उघडला. डब्यात भाकरीचा तुकडा होता. मी समोर उभी होते आणि वही माझ्या काखेत होती.

मग दादाने चित्र खिडकीशी नेले आणि कड दाखवली. "मालक, बघा ना. सुरी डावीकडून टेकलीय. मी उजवीकडून टेकतो." ज्याने कागद कापलेला नाही त्याला सांगते, सुरी जिथे पहिल्यांदा टेकते तिथे टाचणीएवढा टोचा पडतो. उजव्या हाताने कापणाऱ्याचा टोचा डाव्या टोकाला, डावऱ्याचा उजव्या. वडिलांनी चाळीस वर्षे कागद कापले होते. त्यांनी टोचा बघितला. मग माझ्या हाताकडे बघितले. मग म्हणाले, "सुरी कुठून टेकते ते मला शिकवू नकोस. चालता हो."

माझ्याकडे वळून विचारले, "तू होतीस का दुकानात?"

मी म्हणाले, "नाही बाबा. मी मागे घरात होते."

त्या दिवशी आम्ही दोघे बापलेक खोटे बोललो आणि आयुष्यभर एकमेकांना ओळखून राहिलो. त्यांनी दुकान मला दिले. गावभर लोक म्हणायचे, लेकीवर केवढा विश्वास! विश्वास कसला डोंबलाचा. आम्ही दोघेही भेकड होतो, आणि भेकड माणसांना एकमेकांची सोबत लागते. इथवर या कागदावर मी भावाला, बहिणीला, पुतण्याला नावे ठेवली. ठेवलीच पाहिजेत, पण त्यांतल्या कोणीही असले काही केलेले नाही. या घरातले सगळ्यात हलके माणूस मी आहे.

पट्टी मी दुसऱ्या दिवशी पातळ कागदात गुंडाळून त्याच चौकटीच्या मागच्या फळीआड चिकटवली. ती चोपन्न वर्षे तिथेच आहे.

डावऱ्याला त्यानंतर कोणत्याच चौकटवाल्याने उभे केले नाही. सही चोरणारा म्हणून त्याचे नाव झाले. तो फळांच्या गोदामात खोकी ठोकायला लागला, एवढे मला कळले होते. त्यापुढे मी विचारले नाही. विचारले की उत्तर मिळते.

मग चार महिन्यांपूर्वी दवाखान्यात एक नर्स मला इंजेक्शन द्यायला आली आणि सुई तिने डाव्या हातात धरली. दुखले नाही. मी विचारले, घरात आणखी कोण डावरं आहे? म्हणाली, "बाबा." काय करायचे? "गोदामात खोकी ठोकायचे. त्याआधी म्हणे चित्रांच्या चौकटी करायचे. तिथं चोरीचा आळ आला." मी दंड चोळत बसले. ती आपणहून म्हणाली, "बाबा अजून सांगतात, मी नाही केलं. आई मरेपर्यंत म्हणायची, असेल झालं हातून, जाऊ दे. तिनं माफ केलं त्यांना." कापूस दाबून धरत म्हणाली, "मीही तेच म्हणते. आता काय करायचंय उगाळून."

त्याच्या बायकोने त्याला माफ केले. न केलेल्या गोष्टीबद्दल. पन्नास वर्षे तो माणूस स्वतःच्या घरात माफीवर जेवला. हे मी त्याला दिले.

तर मी लिहून देते की चित्र मी कापले. एकटीने, उजव्या हाताने, दुपारी, कोणी न सांगता. डावऱ्याने कापले नाही, चोरले नाही, तो तिथे नव्हताच.

कलम ७. सदर चित्र, चौकट आणि मागची पट्टी यांसह, डावऱ्याला द्यावे.

(हे कलम रद्द. कारण पुढे लिहिले आहे. खाडाखोड माझीच आहे, सही केली आहे.)

कलम ७ लिहून झाल्यावर मी नर्सला निरोप धाडला की बाबांना आणावे. मी मेल्यावर त्याला कागदावरून कळावे असाच माझा बेत होता. वकीलही म्हणाले, तीच रीत आहे. पण रीत सोयीची निघाली की मला हल्ली संशय येतो. माझ्या सोयीने चोपन्न वर्षे गेली होती.

तो आज सकाळी आला. पंचाऐंशी वर्षांचा. तीन पायऱ्या चढायला त्याला मुलीचा हात लागला. आत आल्यावर माझ्याकडे बघितले नाही, आधी भिंतीवरच्या चौकटींचे कोपरे बघितले. मग कापायच्या टेबलाशी बसला. वकील आणि समोरचा कुलूपवाला साक्षीसाठी आलेच होते. मी कलम ६ पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. दोनदा थांबून पाणी प्यायले, पुढे वाचले.

तो म्हणाला, "परत वाच."

परत वाचले. मग त्याने मुलीला विचारले, "तुला ऐकू आलं ना?"

ती म्हणाली, "आलं, बाबा." आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते, आणि हे त्याला बहुतेक कळत होते. वकिलांनी सांगितले, आजोबा, बाईंनी हे चित्र तुमच्या नावे केलंय.

"मला नको."

मी म्हटले, "दादा, तुमचंच आहे ते."

"माझं कसलं? ठेवू कुठं? रोज सकाळी उठून त्या वाघाचं तोंड बघू? छ्या." मग मृत्युपत्राच्या तळाशी बोट ठेवून म्हणाला, "इथं कोण सही करणार?"

वकील म्हणाले, "साक्षीदार. एक हे कुलूपवाले, दुसरा माझा कारकून."

"दुसरी मी करतो."

"तसं चालत नाही, आजोबा. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत."

"मग मला काही देऊ नका."

वकील समजावू लागले की साक्षीदार फक्त सही समोर झाली एवढेच सांगतो, मजकुराशी त्याचा संबंध नसतो, त्यासाठी एवढे चित्र सोडू नका. तो म्हणाला, "तुमचा संबंध तुम्ही बघा. चोपन्न वर्षं मी सांगत होतो, कोणी ऐकलं नाही. आता ही सांगतेय, तर खाली माझी सही पाहिजे." मी काही बोलायला गेले तर म्हणाला, "ताई, तू गप्प बस. तुला गप्प बसायची सवय आहे."

मी पेन घेऊन कलम ७ वर रेघ मारली.

मग त्याने चित्र उतरवायला सांगितले. मागची फळी त्यानेच सोडवली, खिळा न वाकवता, डाव्या हाताने. पट्टी निघाली. ती त्याने चित्राच्या खाली लावून बघितली. रेघ रेघेला मिळाली. ससा पिवळा पडला होता, पण होता. "कान जरा मोठेच काढलेत," तो म्हणाला. मग कागद पूर्ण उघडा करून मोजला आणि मापे मला सांगितली. मी ती मुकाट्याने लिहून घेतली.

कलम ८. रद्द कलमाच्या जागी हे धरावे. चित्र आणि पट्टी सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. माझी जुनी सोनेरी चौकट काचवालीने करवतीने कापून चुलीत घालावी, वर्ख खरवडत बसू नये. नवी चौकट साधी, साध्या लाकडाची, आतून रुंदी छप्पन्न आणि उंची चव्वेचाळीस सेंटिमीटर, पट्टीसकट. चित्र आणि पट्टी यांमधली फट झाकू नये, टोचा दिसला पाहिजे. मी उद्या कामाला बसणार आहे. माझ्याने पुरे झाले नाही तर काचवालीने करावे आणि कोपऱ्यात फट ठेवू नये. खाली पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहावे: "यात नऊ जनावरे आहेत. नववे दुकानमालकाच्या मुलीने कापले. कारागिराने कापलेले नाही."

माझ्या भावाला, बहिणीला, पुतण्याला हे वाचून लाज वाटली तर वाटू द्यावी. घराण्याची अब्रू वगैरे कोणी बोलू लागले तर त्याला चित्रापुढे उभे करून जनावरे मोजायला लावावीत.

वरील सर्व मी लिहिले, वाचून दाखवले आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: दुकानातले कापायचे टेबल.
वार व तारीख: मंगळवार, अकरा मार्च, दुपार होण्याआधी.

लिहून देणारी: चौकटवाली. सही उजव्या हाताने.

साक्षीदार पहिला: समोरचा कुलूपवाला. व्यवसाय, कुलपे आणि किल्ल्या. सही केली, आणि केल्यावर दुकान उघडायला गेला.

साक्षीदार दुसरा: डावरा. व्यवसायाच्या रकान्यात वकिलांनी विचारले, काय लिहू? मुलगी म्हणाली, "लिहा, खोकी ठोकणे, निवृत्त." तो म्हणाला, "तसं नको." मग मुलीनेच सांगितले. व्यवसाय, चित्रांच्या चौकटी करणे. सही डाव्या हाताने.